शिशाचा डमरू

नवरात्रात हर्सूलला हरसिद्धी मातेची जत्रा भरते. जळगाव रस्त्यावरून आत वळलं की पाळण्याआधी, जिलेबीच्या कढईआधी एक आवाज कानावर येतो. आधी कोरडा 'फट्', आणि त्याला चिकटूनच फुगा फुटल्याचा दुसरा. फळीवर ओळीनं रंगीत फुगे लावलेले असतात. समोर टेबल, टेबलावर दोन-तीन जुन्या बंदुका. दुकानदार बंदूक मधून वाकवतो, डबीतून चिमटीनं एक बारीक दाणा उचलतो, नळीच्या तोंडात अंगठ्यानं दाबतो आणि बंदूक सरळ करून तुमच्या हातात देतो. त्या दाण्याकडे कुणी पाहत नाही. सगळ्यांची नजर फुग्यावर असते.

शेजारच्या खेळण्यांच्या गाड्यावर दुसऱ्या बंदुका टांगलेल्या असतात. काळ्या प्लॅस्टिकच्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, सोबत पिवळ्या किंवा पांढऱ्या गोळ्यांची पुडी. लहान मुलं या दोन्हींतल्या गोळ्यांना एकच नाव देतात, छर्रे. मोठेही देतात. मात्र पहिली गोष्ट शिशाची, नेमबाजीच्या घराण्यातली. दुसरी प्लॅस्टिकची, एअरसॉफ्ट नावाच्या खेळाच्या घराण्यातली. दोन्ही हवेच्या जोरावर धावतात, एवढंच त्यांचं साम्य. एकीचा दाणा दुसरीत घालायचा नसतो, आणि कशात काय घालायचं हे कळायला आधी दाणाच नीट पाहायला हवा.

फुग्याच्या दुकानातला छर्रा तळहातावर घेतला तर तो थेट डमरूसारखा दिसतो. मधे कंबर बारीक, दोन्ही टोकं रुंद. पुढचं टोक भरीव असतं, त्याला डोकं म्हणू. मागचं टोक पोकळ आणि पातळ कडेचं असतं, त्याला घेर म्हणू. युरोपात या आकाराला डायबोलो म्हणतात. दोरीवर फिरवायचं त्या नावाचं एक जुनं खेळणं आहे, त्यावरून हे नाव पडलं. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही, डमरू घरचाच आहे.

हा आकार शोभेसाठी नाही. चाप ओढला की बंदुकीतली दाबलेली स्प्रिंग सुटते आणि दट्ट्या पुढे धावतो. सायकलच्या पंपात होतं तसंच, फक्त एका क्षणात. दाबलेली हवा छर्‍याच्या मागच्या पोकळीत घुसते. तिथली कड पातळ आणि शिसं मऊ, म्हणून घेर किंचित फुलतो आणि नळीला चारी बाजूंनी घट्ट बसतो. हवा निसटत नाही. नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे कोरलेले असतात. घेर त्यांत रुततो आणि छर्रा भोवऱ्यासारखा फिरतच बाहेर पडतो. बाहेर आल्यावर वजन पुढे आणि पोकळी मागे, त्यामुळे हवा मागच्या घेराला धरून ठेवते. बॅडमिंटनचं फूल जसं नेहमी बुचाकडूनच पुढे जातं, तसंच हे. फिरकी आणि फुलाचा गुण, दोन्ही मिळून छर्रा सरळ ठेवतात.

शिसंच का, तेही यातून समजतं. घेर फुलायला धातू मऊ हवा आणि लहानशा दाण्यात वजन भरायला तो जड हवा. शिसं पाण्याच्या ११ पटीहून जड असतं आणि नखानंही त्यावर ओरखडा उठतो. आता कथलाच्या मिश्रणाचे बिनशिशाचे छर्रेही मिळतात. कथील शिशापेक्षा बरंच हलकं असल्यानं ते छर्रे वेगानं सुटतात. शिवाय ते जरा कडक असल्यानं प्रत्येक नळीला मानवत नाहीत.

या छर्‍यांच्या मापाचा आकडा ४.५ मिलिमीटर. जुन्या इंची हिशेबात त्यालाच 'पॉइंट एकशे सत्त्याहत्तर' म्हणतात. यापेक्षा जाड ५.५ मिलिमीटरचा छर्राही असतो, म्हणजे पॉइंट बावीस. डब्यावर वजन पुष्कळदा 'ग्रेन'मध्ये छापलेलं असतं. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, युरोपातलं जुनं वजन. आपल्याकडे सोनाराच्या तराजूत गुंज होती. ८ गुंजांचा मासा, १२ मासे म्हणजे तोळा. त्या हिशेबानं एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅम भरते. गाड्यावरच्या प्लॅस्टिकच्या हलक्यात हलक्या गोळीचं वजन नेमकं तेवढंच, ०.१२ ग्रॅम. स्पर्धेतल्या रायफलीचा शिशाचा छर्रा ०.५३ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे साडेचार गुंजांना थोडा कमी. आजीच्या पेटीत गुंजा असतील तर चार गुंजा हातावर घेऊन पाहा. ऑलिंपिक पदकं तेवढ्या वजनावर ठरलेली आहेत.

तिथला हिशेब असा. दहा मीटर रायफलीच्या लक्ष्याच्या मध्यभागी दहा गुणांचा ठिपका असतो फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचा. छर्‍याच्या भोकाची कड त्या ठिपक्याला टेकली की दहा गुण. आता गुण दशांशात मोजतात आणि सर्वोच्च गुण १०.९. हा एकेक दशांश म्हणजे मध्यबिंदूपासूनचं पाव मिलिमीटर अंतर. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्रांचा शेवटचा नेम १०.८ गुणांचा होता. म्हणजे छर्‍याचं केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत होतं. त्या आधी २००४ मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी अजिंक्यपद स्पर्धेत सुमा शिरूर यांनी ४०० पैकी ४०० गुण मिळवले. चाळीस छर्रे, आणि चाळीसही त्या ठिपक्याला शिवलेले. अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या त्या याच प्रकारात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला जगज्जेता झाला तोही याच प्रकारात. कोल्हापूरचे स्वरूप उन्हाळकर टोकियो पॅरालिंपिकमध्ये चौथे आले तेही दहा मीटर रायफलीतच. चौथ्या क्रमांकावर पदक किती थोडक्यात हुकतं, हे ज्याला पाव मिलिमीटरचा हिशेब कळला त्यालाच कळेल.

इथे छर्‍याच्या निवडीला खरी किंमत येते. समजा रायफल लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळली, माणसाचा हात बाजूला केला आणि एकाच डब्यातले पाच छर्रे एकामागोमाग सोडले. पाचही एकाच भोकातून गेले पाहिजेत, असं आपल्याला वाटेल. तसं होत नाही. ती भोकं एकमेकांवर चढून थोडं रुंद, वेडंवाकडं एक भोक तयार होतं. ते जितकं लहान तितकी त्या छर्‍याची आणि त्या नळीची जोडी चांगली. डबा बदलला, की तीच कंपनी आणि तोच नमुना असूनही, भोक मोठं होऊ शकतं. कारण छर्रे साच्यातून निघतात, साचे झिजतात, शिशाच्या मिश्रणात सूक्ष्म फरक पडतो. म्हणून डब्यावर उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक असतो आणि मोठे नेमबाज कंपनीपेक्षा त्या क्रमांकाला जास्त मान देतात. एखादी खेप आपल्या नळीला लागू पडली की त्याच क्रमांकाचे डबे भरपूर घेऊन ठेवतात.

डब्यावर डोक्याचा व्यासही छापलेला असतो: ४.४८, ४.४९, ४.५०, ४.५१. शंभरावा भाग मिलिमीटर! डोळ्याला हा फरक दिसणं शक्य नाही, पण नळीला तो जाणवतो. एका नळीला ४.४९ आवडतो, तिच्याच शेजारी त्याच कारखान्यात बनलेल्या दुसरीला ४.५०. जर्मनीतल्या हान्न म्युंडेन गावची हेंडलर उंड नाटरमान ही कंपनी १८२५ पासूनची. जर्मनीचीच आरडब्ल्यूएस, चेक प्रजासत्ताकातली जेएसबी, ही नावं नेमबाजांच्या तोंडी असतात. पण कोणता डबा चांगला, असं विचारलं तर जाणता प्रशिक्षक उत्तर देत नाही. तो उलट विचारतो, बंदूक कोणती? मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट मुळाची वाटते. छर्रा आपण निवडत नाही. नळी निवडते, आपण तिला चार डबे दाखवायचे आणि तिचं उत्तर कागदावर वाचायचं.

डोक्याच्या आकारावरून छर्‍यांचे प्रकार पडतात. स्पर्धेचा छर्रा सपाट डोक्याचा असतो. हवेत तो बोथट असल्यानं त्याचा वेग लवकर मरतो, पण दहा मीटरच्या आत त्याचं काही बिघडत नाही. उलट सपाट कडेमुळे कागदात पंचानं पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं आणि गुण मोजताना वाद राहत नाही. गोल डोक्याचा छर्रा हवा सहज कापतो, म्हणून पंचवीस-तीस मीटरच्या पलीकडे तोच चांगला. टोकदार छर्रा दिसायला जबरदस्त, आणि त्यामुळे नवख्यांचा हात त्याच्याकडे आधी जातो. पण ते टोक नेमकं मध्यावर येणं कारखान्यात अवघड असतं, आणि टोक जरा कलंडलं तरी छर्रा भरकटतो. कागदावरच्या सरावाला टोकदार छर्रा घेऊ नये, असंच मी सांगेन.

हलका की जड, हा पुढचा प्रश्न. बंदुकीची ताकद ठरलेली असते, तिला ज्यूलमध्ये मोजतात. स्पर्धेच्या रायफलीतून अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटरनं निघतो, म्हणजे साडेसात ज्यूलच्या आसपास. तेवढ्याच ताकदीत हलका छर्रा अधिक वेगानं आणि जड छर्रा कमी वेगानं निघणार. जाहिरातीत वेगाचा आकडा मोठा दिसावा म्हणून अतिहलके छर्रे विकले जातात. ते आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या, आसपास गेले की हवेच्या धक्क्यानं डगमगतात. आणि स्प्रिंगच्या बंदुकीत फार हलका छर्रा घातला तर दट्ट्याला पुढे हवेची गादी मिळत नाही, तो टोकावर आदळतो. छर्रा न घालता चाप ओढण्यानं जे नुकसान होतं, तेच थोडं थोडं होत राहतं. जत्रेतला दुकानदार रिकामी बंदूक उडवू देत नाही ते यासाठीच.

आपल्याकडच्या साध्या एअरगनचा इतिहासही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी काढली, ती सिमेंटच्या नळांसाठी. त्याच कंपनीच्या, आयएचपी या तीन अक्षरांच्या एअर रायफली पुढे देशभर पोचल्या. नळ करणाऱ्या कारखान्यानं बंदुकीची नळी करावी, यात मला एक छान संगती दिसते.

आता गाड्यावरच्या दुसऱ्या बंदुकीकडे वळू. एअरसॉफ्टचा जन्म १९७०च्या दशकात जपानमध्ये झाला. तिथे खासगी बंदुकांवर कडक बंदी, पण हुबेहूब दिसणाऱ्या नमुन्यांची हौस मोठी. त्यातून प्लॅस्टिकच्या गोळ्या उडवणाऱ्या बंदुका आल्या. १९९१ मध्ये टोकियो मारुई कंपनीनं विजेवर चालणारी बंदूक आणली आणि माणसांनी दोन गटांत विभागून, डोळ्यांवर कवच घालून, एकमेकांवर गोळ्या मारण्याचा हा खेळ जगभर गेला. माणसावर मारायची म्हणून गोळी प्लॅस्टिकची, गोल, सहा मिलिमीटरची आणि ताकद एका ज्यूलच्या आसपास. नेमबाजीच्या छर्‍याची गोष्ट उलट. तो कधीच, कुणावरच रोखायचा नसतो.

एअरसॉफ्टच्या नळीत आटे नसतात, ती आतून गुळगुळीत असते. मग गोळी सरळ कशी जाते? नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूनं रबराचा एक छोटा उंचवटा आत डोकावतो. गोळी त्याला घासत निघते आणि मागच्या बाजूला फिरू लागते. अशी उलटी फिरकी घेतलेल्या गोळीला हवा वर उचलून धरते. टेबल टेनिसमध्ये खालून कापलेला चेंडू तरंगत येतो, त्यामागेही हेच कारण आहे. या रचनेला हॉप-अप म्हणतात. उंचवटा कमी-जास्त करता येतो, आणि गोळी जितकी जड तितकी फिरकी जास्त द्यावी लागते. कमी पडली तर गोळी लवकर पडते, जास्त झाली तर वाटेतच वर उसळते.

म्हणून इथे निवड मुख्यतः वजनाची. एक ज्यूल ताकदीतून ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला बरोबर १०० मीटरनं निघते, ०.२५ ग्रॅमची सुमारे ८९ मीटरनं आणि ०.३० ग्रॅमची ८२च्या जवळपास. सुरुवातीला हलकी पुढे असते. पण हवा हलक्या गोळीला लवकर अडवते, आणि जरा वाऱ्याची झुळूक आली तरी ती बाजूला जाते. गव्हाचा दाणा आणि भुसा एकदम वाऱ्यात उधळले तर लांब कोण पडतं, हे खळ्यावर उभं राहिलेल्याला सांगावं लागत नाही. छपराखाली खेळायचं तर ०.२० पुरे. उघड्यावर ०.२५ किंवा ०.२८ घ्यावी. त्याहून जड गोळी दूरच्या नेमाची, आणि तीही बंदुकीत तेवढा दम असेल तरच. गाड्यावरच्या खेळण्यात मात्र ०.१२चीच घालावी, जड गोळी त्यातून चार पावलांवर खाली बसते.

वजनाइतकाच महत्त्वाचा गोळीचा गुळगुळीतपणा. चांगल्या गोळीचा व्यास ५.९५ मिलिमीटर, फरक शंभराव्या भागाचा. नळी आतून सहापेक्षा किंचित मोठी. दोघांमधे केसाएवढी फट. साच्याची शिवण राहिलेली, आत हवेचा बुडबुडा असलेली स्वस्त गोळी अडकते किंवा आतच फुटते. जमिनीवरून वेचलेली गोळी पुन्हा वापरू नये. तिला चिकटलेला मातीचा कण नळीला आतून ओरखडतो, आणि आपल्याकडची काळी माती तर चिकटल्यावर सोडतच नाही.

'जैवविघटनशील' असं लिहिलेल्या गोळ्या मिळतात. त्या बहुधा वनस्पतींच्या साखरेपासून बनवलेल्या प्लॅस्टिकच्या असतात. खताच्या ढिगातल्या उष्णतेत त्या विघटित होतात, उघड्या माळावर मात्र बराच काळ तशाच राहतात. हर्सूलच्या तलावाच्या काठाला बगळे आणि पाणकोंबड्या चरताना दिसतात. तिथे एकही गोळी, कोणत्याही प्लॅस्टिकची, पडू नये असं मला मनापासून वाटतं. पाणपक्षी खडे समजून असे दाणे गिळतात, आणि गिळलेला दाणा शिशाचा असेल तर त्यांच्या अंगात विष भिनतं. छर्‍याच्या बंदुकीनं पाखरू मारणं ही तर मर्दुमकी नव्हेच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे.

तिसरा एक दाणा या दोघांच्या मधे घुसतो आणि सगळा घोटाळा तोच करतो. पोलादाची, तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा दिलेली छोटी गोल गोळी. नाव बीबी, माप साडेचार मिलिमीटरचंच सांगतात, वजन एक-तृतीयांश ग्रॅमच्या आसपास. ती गुळगुळीत नळीच्या बंदुकीसाठी असते. आट्यांच्या नळीत घातली तर शिशासारखी मऊ नसल्यानं ती फुलत नाही, उलट आटेच खरवडते. शिसं कठीण वस्तूवर आपटून चपटं होतं, पोलाद परत फिरतं. भिंतीवर मारलेली पोलादी गोळी मारणाऱ्याच्याच डोळ्याकडे येऊ शकते. एअरसॉफ्टच्या गोळीलाही लोक बीबीच म्हणतात, त्यामुळे दुकानात नुसतं नाव सांगून चालत नाही. माप, धातू आणि बंदूक, तिन्ही सांगावं.

डोळ्याबद्दल थोडं थांबून सांगतो. गाड्यावरच्या ०.१२ ग्रॅमच्या गोळीनंही बुबुळामागे रक्त साकळू शकतं. फुगे फुटतात त्या दुकानात उभं राहणाऱ्यानंही चष्मा घालावा. पोरानं हट्टानं खेळणं घेतलंच, तर त्याच पिशवीतून डोळ्यांचं कवच घरी यावं. आणि छर्रे दातांत धरायची सवय काही जणांना असते, ती आजच सोडावी. शिशाची कोणतीही मात्रा शरीराला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांच्या मेंदूला तर अजिबात नाही. छर्रे हाताळले की साबणानं हात धुवावेत, मगच जिलेबी.

कायद्याचं थोडक्यात. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, त्यापलीकडे लागतो. फुग्याची बंदूक या मर्यादेच्या बरीच आत असते.

घरी बंदूक असेल तर नळीला तिचा छर्रा विचारायची रीत सोपी आहे. तीन-चार प्रकारचे छोटे डबे आणा. पांढऱ्या पुठ्ठ्यावर पेनानं ठिपका काढा, मागे मातीनं भरलेली जाड पेटी ठेवा, त्यामागे कुणी नसेल याची खात्री करा. दहा मीटरवरून, उशीवर हात टेकून, एका डब्यातले पाच छर्रे एका ठिपक्यावर. दुसरा डबा, दुसरा ठिपका. डबा बदलला की पहिले आठ-दहा छर्रे मोजू नका, आधीच्या शिशाचा पातळ थर नळीत असतो, तो जायला वेळ लागतो. घालण्याआधी प्रत्येक छर्‍याचा घेर पाहा. चेंबलेला असेल तर बाजूला टाका. पाच भोकं ठिपक्यापासून लांब पडली तरी हरकत नाही, ती एकमेकांच्या जवळ हवीत. ठिपक्यावर आणायचं काम नेमाच्या खुणा सरकवून करता येतं. विखुरलेल्या भोकांना मात्र कोणत्याही खुणेनं एकत्र आणता येत नाही.

जत्रेतल्या फुग्याला या सगळ्याची गरज नसते. ताणलेल्या रबराला सुईएवढी जखम पुरते. पण उठून जाताना फळीखाली पाहा. मागच्या गोणपाटाला आपटून चपटे झालेले छर्रे तिथे पडलेले असतात. मी एकदा असा एक उचलून घरी आणला आणि भिंगाखाली धरला. डोकं पार दबून गेलं होतं, पण घेर शाबूत होता. नव्या नळीतून गेलेल्या छर्‍याच्या घेरावर आट्यांच्या ठळक, तिरप्या रेघा उमटतात. याच्यावर एका बाजूला दोन पुसट ओरखडे होते, आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं.